बाण दोन, पण वर्तुळ कुठाय? इंडोमेथॅसिन आणि आतड्यातल्या जीवाणूंचा एक पेपर

गेल्या सेमिस्टरला जर्नल क्लबमध्ये माझा नंबर लागला तेव्हा मी जो पेपर घेतला, तो मला फार आवडलेला होता. अजूनही आवडतो. फळ्यावर डावीकडे 'औषध' लिहिलं, उजवीकडे 'जीवाणू' लिहिलं, वरून एक बाण काढला, खालून उलटा एक बाण काढला. दोघांचं मिळून छान वर्तुळ झालं. मी खूश. मागच्या खुर्चीवरून आमच्या लॅबमधल्या एका सीनियर ताईने शांतपणे विचारलं, "हे वर्तुळ पेपरमध्ये आहे, की तुझ्या फळ्यावर?"

मी पेपर उघडला, आकृत्या चाळल्या आणि दोन मिनिटं काहीच बोलले नाही. त्या दोन मिनिटांमुळे ही पोस्ट लिहिते आहे. तुमच्यातले बरेच जण नेट, पेट, मुलाखती यांच्या तयारीत आहात. पेपर 'समजणं' आणि पेपर 'वाचणं' यात काय फरक असतो ते मला हा एक पेपर पुन्हा वाचताना कळलं, तेच इथे मांडते.

पेपर 2015 सालचा, ईलाइफ या जर्नलमधला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या दोन मोठ्या गटांनी मिळून केलेला. एका बाजूला गॅरेट फिट्झजेराल्ड, ज्यांनी कॉक्स-2 रोखणाऱ्या औषधांचा हृदयावर होणारा धोका पुढे आणला. दुसऱ्या बाजूला फ्रेडरिक बुशमन, मायक्रोबायोमच्या सिक्वेन्सिंगमधलं मोठं नाव. पहिलं नाव झ्युए लियांग यांचं. शीर्षकाचा मराठीत सरळ अर्थ असा: इंडोमेथॅसिन आणि उंदराच्या आतड्यातले सूक्ष्मजीव यांच्यातली दुहेरी आंतरक्रिया. पेपर फुकट वाचता येतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.

ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, इंडोमेथॅसिन ही सगळी स्टेरॉइड नसलेली दाहशामक औषधं. जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवलं की ती शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होणं थांबवतात, आणि 1982 मध्ये त्यांना या कामासाठी नोबेल विभागून मिळालं. प्रोस्टाग्लँडिनमुळे सूज येते, दुखतं. पण त्याच प्रोस्टाग्लँडिनमुळे जठराच्या आतल्या अस्तराचं रक्षणही होतं. म्हणून वेदनाशामक जास्त दिवस घेतलं की जठरात व्रण होतात, कधी रक्तस्राव होतो. त्यावर उपाय म्हणून सोबत आम्ल कमी करणारी गोळी दिली जाते: ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल. आपल्याकडे तिला सगळे 'गॅसची गोळी' म्हणतात. जठरापुरता हा उपाय खरंच चालतो. पण जठराच्या पुढे कित्येक फूट लहान आतडं आहे आणि तिथे मुळात आम्लाचा प्रश्नच नाही. तिथेही या औषधांनी व्रण होतात. ते दिसायचे नाहीत, कारण नेहमीची दुर्बीण तिथवर पोचत नाही. गिळायची कॅमेऱ्याची कॅप्सूल आली आणि 2005 मध्ये ग्रॅहॅम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दीर्घकाळ ही औषधं घेणाऱ्यांपैकी 71 टक्के लोकांच्या लहान आतड्यात इजा दिसते, न घेणाऱ्यांमध्ये 10 टक्के. अभ्यास लहान होता, पण फरक डोळ्यांत भरणारा होता.

आम्ल नाही, तर मग तिथे इजा कशाने होते? इथे जीवाणू येतात.

ही काही नवी शंका नाही. रॉबर्ट आणि असानो यांनी 1977 मध्येच दाखवलं होतं की पूर्णपणे जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांना इंडोमेथॅसिन दिलं तर त्यांच्या आतड्यात नेहमीसारखे व्रण होत नाहीत. त्याच्याही दोन वर्षं आधी डगन आणि सहकाऱ्यांनी पित्ताकडे बोट दाखवलं होतं. यकृत इंडोमेथॅसिनला ग्लुक्युरोनिक आम्लाची जोड लावतं आणि पित्तातून आतड्यात सोडून देतं. जोड लागलेलं औषध म्हणजे कुलूप लावलेलं औषध, ते बाहेर टाकायचं असतं. आतड्यातल्या जीवाणूंकडे बीटा-ग्लुक्युरोनिडेज नावाचं एन्झाइम असतं. ते कुलूप काढतं, औषध पुन्हा मोकळं होतं, आतड्याच्या भिंतीला पुन्हा भिडतं आणि पुन्हा रक्तात शोषलं जातं.

(ज्यांनी एमएस्सीला वनस्पतींचं जीयूएस स्टेनिंग केलंय, पानं निळी करून फोटो काढलेत, त्यांनी ओळखलं असेल. हेच ते एन्झाइम. जीन मुळात ई. कोलायचा. मी दोन वर्षं ती निळी पानं पाहिली आणि हा जीन आतड्यात काय करत असेल हा प्रश्न एकदाही पडला नाही. अभ्यासक्रमात तो 'रिपोर्टर' होता, बास.)

म्हणजे लियांग यांच्या गटाने सुरुवात केली तेव्हा कोडं जुनंच होतं, हातातली साधनं नवी होती. त्यांनी काय केलं? उंदरांना इंडोमेथॅसिन दोन पद्धतींनी दिलं, थोड्या काळासाठी आणि दीर्घकाळ. औषध खरोखर काम करतंय याची खात्री करायला प्रोस्टाग्लँडिन कमी झालंय का ते मोजलं. लहान आतड्यात इजा झाली हे दाखवलं. मग सिक्वेन्सिंग करून दाखवलं की दोन्ही पद्धतींमध्ये जीवाणूंची रचना बदलते. हा पहिला बाण. त्यानंतर वेगळ्या प्रयोगात उंदरांना आधी अँटिबायोटिक देऊन जीवाणू उधळून लावले आणि मग इंडोमेथॅसिन दिलं. औषधाचं शरीरातलं वागणं बदललं, परिणामही बदलला. याचं संभाव्य कारण म्हणून बीटा-ग्लुक्युरोनिडेज कमी झाल्याचं दिलं. हा दुसरा बाण.

आधी चांगलं काय ते सांगते, कारण टीका म्हटलं की आपण लगेच चुका शोधायला धावतो. मायक्रोबायोमच्या ढीगभर पेपरमध्ये औषध दिलं, विष्ठा गोळा केली, सिक्वेन्स केलं, रंगीत पट्ट्यांचा आलेख छापला, इतकंच असतं. औषधाने औषधाचं काम केलं का हे मोजलेलंच नसतं. इथे मोजलंय. डोस माणसाला दिल्या जाणाऱ्या डोसशी सुसंगत राहील असा निवडलाय. औषधशास्त्राची माणसं टीममध्ये असली की हा फरक पडतो. आणि लेखकांची भाषा सावध आहे. एन्झाइमचा मुद्दा मांडताना 'बहुधा' म्हटलंय. माणसामाणसांत औषधाचा परिणाम वेगळा का होतो यावर या आंतरक्रिया 'उमेदवार' यंत्रणा आहेत, असं म्हटलंय. निकाल लागला असं म्हटलेलं नाही. माझ्या फळ्यावरच्या वर्तुळाला लेखक जबाबदार नाहीत, हे प्रामाणिकपणे कबूल करते.

पण शीर्षकातला 'दुहेरी' हा शब्द मात्र जबाबदार आहे. थोडासा तरी.

दुहेरी म्हणजे काय? एका रस्त्याने मुंबईहून पुण्याला गाड्या जातात आणि पुण्याहून मुंबईला येतात, एवढंच? की तीच गाडी जाऊन परत येते? पेपरने पहिलं दाखवलंय. आपण वाचतो दुसरं. औषध जीवाणू बदलतं, हे खरं. जीवाणू औषधाचं वागणं बदलतात, हेही खरं. पण औषधाने *जे* जीवाणू बदलले, *तेच* बदललेले जीवाणू पुढे औषधाचं वागणं बदलतात का? वर्तुळ पूर्ण व्हायला ही तिसरी गोष्ट लागते. दुसऱ्या प्रयोगातले जीवाणू इंडोमेथॅसिनने बदललेले नव्हते, अँटिबायोटिकने उधळलेले होते. औषध जीवाणूंमध्ये जो बदल करतं तो अंगणात झाडू मारल्यासारखा. अँटिबायोटिक म्हणजे बुलडोझर. बुलडोझर फिरवल्यावर काय झालं यावरून झाडूबद्दल फार काही सांगता येत नाही.

वर्तुळ खरंच तपासायचं तर प्रयोग कसा असेल? इंडोमेथॅसिन दिलेल्या उंदरांचे जीवाणू घ्या, ते औषध कधीच न घेतलेल्या जंतुविरहित उंदरांमध्ये सोडा, मग त्या उंदरांना इंडोमेथॅसिन देऊन रक्तातली पातळी आणि आतड्यातली इजा मोजा. शेजारी न बदललेल्या जीवाणूंचा कंट्रोल ठेवा. एवढं केलं की दोन बाण एकमेकांना जोडले जातील, किंवा जोडले जाणार नाहीत. दोन्ही उत्तरं छापण्याजोगी.

आता दोन्ही बाण सुटे सुटे घेऊ. मला वाटतं खरी गंमत तिथे आहे.

पहिला बाण: औषध दिलं, जीवाणू बदलले. पण कशामुळे? एक शक्यता, औषध थेट जीवाणूंना मारतं किंवा वाढू देत नाही. ही कल्पना हवेतली नाही. हायडेलबर्गच्या ईएमबीएलमधल्या गटाने 2018 मध्ये नेचरमध्ये हजारावर औषधं आतड्यातल्या 40 प्रातिनिधिक जीवाणूंवर तपासली. माणसाच्या पेशींसाठी बनवलेल्या, अँटिबायोटिक नसलेल्या औषधांपैकी 24 टक्के औषधांनी निदान एका तरी जीवाणूची वाढ रोखली. दुसरी शक्यता, औषधाने आतड्याला इजा होते आणि इजेमुळे जीवाणू बदलतात. सूज आलेल्या आतड्यात एंटेरोबॅक्टेरिएसी कुळातल्या जीवाणूंचं फावतं हे बऱ्याच कामांतून दिसलंय. सूज आली की तिथली रसायनं बदलतात आणि त्यांना श्वसनासाठी नायट्रेटसारखे पदार्थ आयते मिळतात. तिसरी शक्यता, जनावर आजारी पडलं, कमी खाऊ लागलं, म्हणून जीवाणू बदलले. उपाशी उंदराचे जीवाणू बदलायला कुठल्या औषधाची गरज नाही.

या तिन्हींत सिक्वेन्सिंगचा आलेख साधारण सारखाच दिसेल. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच वेळ आली, एवढंच तो आलेख सांगतो. इजेच्या *आधी* जीवाणू बदलले की *नंतर*, हे कळायला वेळेनुसार नमुने हवेत, तासातासाने. किंवा औषधाचाच असा भाऊबंद हवा जो कॉक्स रोखत नाही पण रचनेने सारखा आहे. तो दिल्यावरही जीवाणू बदलले, तर बदल प्रोस्टाग्लँडिनमधून आलेला नाही. तुम्ही सिनॉप्सिस लिहीत असाल तर हा कंट्रोल लक्षात ठेवा. समितीतल्या कुणीतरी विचारायच्या आत आपणच लिहिलेला बरा.

दुसरा बाण मला आधी जास्त भक्कम वाटायचा, कारण त्यात यंत्रणा आहे. यकृत कुलूप लावतं, जीवाणू काढतात, अँटिबायोटिकने जीवाणू गेले म्हणून कुलूप तसंच राहतं. गोष्ट इतकी सुरेख आहे की शंका घ्यावीशीच वाटत नाही. इथेच घोडं पेंड खातं.

अँटिबायोटिकने बीटा-ग्लुक्युरोनिडेज कमी होतं, मान्य. पण सोबत आणखी काय काय कमी होतं? वातानाबे आणि जपानमधल्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये गट जर्नलमध्ये दाखवलं की इंडोमेथॅसिनने लहान आतड्यात होणारी इजा टीएलआर4 वर अवलंबून असते. टीएलआर4 म्हणजे ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंच्या आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड ओळखणारा रिसेप्टर. तो बिघडलेल्या उंदरांना इजा कमी झाली. म्हणजे जीवाणू औषधाचं कुलूप काढतात म्हणून नव्हे, तर भिंत सैल झाल्यावर आपल्या प्रतिकारयंत्रणेला चिथावतात म्हणून इजा वाढते, असाही एक रस्ता आहे. अँटिबायोटिक दिलं की हाही रस्ता बंद होतो. शिवाय जीवाणू पित्तातल्या आम्लांवरही प्रक्रिया करतात. अँटिबायोटिकने पित्ताम्लांचं मिश्रणच बदलतं, आणि आतड्याच्या पेशींना होणाऱ्या इजेत पित्ताचा हात आहे हे जुनंच ज्ञान आहे. तीन रस्ते, एकच नाकाबंदी. रहदारी थांबली म्हणजे चोर कुठल्या रस्त्याने जात होता हे कळलं का?

लियांग यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. त्यांनी नुसती इजा मोजली नाही, औषधाचं शरीरातलं गणितही मोजलं. टीएलआर4 चा रस्ता रक्तातल्या औषधाची पातळी बदलणार नाही. कुलपाचा रस्ता बदलेल. म्हणून औषधाच्या पातळीपुरता कुलपाचा मुद्दा बराच टिकतो. इजेपुरता तो तितका टिकत नाही. जर्नल क्लबमध्ये मी हे दोन निष्कर्ष एका दमात सांगून टाकले होते. आता वाटतं, ते वेगळे ठेवणं हेच त्या पेपरचं वाचन होतं.

कुलपाचा मुद्दा जास्त नेमका कुणी तपासला? बोएल्स्टर्ली आणि रेडिन्बो यांच्या गटांनी. रेडिन्बो यांच्या लॅबने 2010 मध्ये सायन्समध्ये असे छोटे रेणू मांडले की जे जीवाणूंचं बीटा-ग्लुक्युरोनिडेज रोखतात, पण जीवाणूंना मारत नाहीत. तिथे औषध होतं कर्करोगावरचं इरिनोटेकान. तोच रोधक 2012 मध्ये डायक्लोफिनॅकसोबत उंदरांना दिला आणि लहान आतड्यातले व्रण कमी झाले. त्यानंतर इंडोमेथॅसिन आणि कीटोप्रोफेनसोबतही असंच दिसलं. बघा, जीवाणू जिवंत, लिपोपॉलिसॅकराइड जागच्या जागी, फक्त एक एन्झाइम बंद. बुलडोझरऐवजी एकच किल्ली काढून घेतली. अँटिबायोटिकच्या प्रयोगापेक्षा हा पुरावा मला कितीतरी वजनदार वाटतो. आणखी पुढचं पाऊल म्हणजे जंतुविरहित उंदरांत एकाच ई. कोलायच्या दोन आवृत्त्या सोडणं, एकीत तो जीन आहे, दुसरीत काढून टाकलाय. बाकी सगळं सारखं. निळ्या पानांच्या दिवसांची मला तेव्हा परत आठवण होईल.

आणि जंतुविरहित उंदीर? रॉबर्ट आणि असानो यांचा निकाल आजही प्रत्येक रिव्ह्यूच्या पहिल्या पानावर येतो, आणि यावाच. पण जंतुविरहित प्राणी म्हणजे 'नेहमीचा प्राणी वजा जीवाणू' नव्हे. त्याचं अंधांत्र फुगलेलं असतं, प्रतिकारयंत्रणा नीट वाढलेली नसते, आतड्याची भिंत वेगळी असते, पित्ताम्लं वेगळी असतात. वजाबाकी एवढी सोपी नसते.

आता माणसं. इथे माझी तक्रार जरा मोठी आहे.

रॉजर्स आणि ॲरोनॉफ यांचा 2016 चा अभ्यास तुम्हाला प्रत्येक रिव्ह्यूमध्ये भेटेल. 155 प्रौढ, मागच्या 30 दिवसांत कोणती औषधं घेतली याची नोंद, आणि विष्ठेचा नमुना. निष्कर्ष असा की औषधांच्या संख्येपेक्षा औषधाचा प्रकार जीवाणूंवर जास्त परिणाम करतो, आणि दाहशामकांनुसार जीवाणूंची ठेवण वेगवेगळी दिसते. ॲस्पिरिन घेणारे आणि कोणतंच औषध न घेणारे यांना चार जीवाणुगटांवरून वेगळं ओळखता येतं, एयूसी 0.96.

एयूसी 0.5 म्हणजे छापा-काटा, 1 म्हणजे शंभर टक्के अचूक. 0.96 पाहिलं की छाती भरून येते. पण 155 माणसं ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, सेलेकॉक्सिब, सोबत गॅसची गोळी, सोबत नैराश्यावरचं औषध आणि रेचक अशी वाटली की प्रत्येक वाट्याला किती येणार? आणि चाचणीसाठी निवडायला जीवाणूंचे गट किती? शेकड्यांनी. माणसं थोडी, गुणधर्म पुष्कळ, अशा वेळी उत्तम वर्गीकरण करणारे चार गट सापडणं ही अवघड गोष्ट नाही. ते दुसऱ्या गावातल्या माणसांवर चालतात का, हीच खरी परीक्षा. तुमच्या वर्गातल्या मुलांची जन्मतारीख, बुटाचा नंबर, घराचा पिनकोड असे पाचशे रकाने मला दिलेत, तर त्यातले चार निवडून मी पास-नापास जवळपास अचूक सांगेन. पुढच्या वर्षीच्या वर्गात तोंडघशी पडेन.

दुसरं म्हणजे दाहशामकं, नैराश्याचं औषध आणि रेचक तिन्ही घेणारा माणूस कसा असेल? वयस्क, दुखणाईत, हालचाल कमी, बद्धकोष्ठ. बद्धकोष्ठाने, म्हणजे मल आतड्यात किती वेळ राहतो त्याने, विष्ठेतल्या जीवाणूंची ठेवण बरीच बदलते. हे मोठ्या लोकसंख्येच्या अभ्यासांत स्पष्ट दिसलंय. मग आपण औषधाची सही वाचतोय की दुखण्याची? आणि तिसरं, जे मला सगळ्यात खटकतं: इजा होते लहान आतड्यात, नमुना घेतो विष्ठेचा. लहान आतड्यात आणि मोठ्या आतड्यात जीवाणूंची वस्ती वेगळी, संख्याही कित्येक पट कमी-जास्त. पुण्यातल्या पावसाचा अंदाज सोलापूरच्या धरणाची पातळी बघून बांधण्यातला प्रकार. अगदीच निरुपयोगी नाही, पण शेतकऱ्याला त्यावर पेरणी करायला सांगू नये.

माणसांवरचा सगळ्यात चांगला पुरावा माझ्या मते 2017 चा. स्कार्पिन्यातो आणि सहकाऱ्यांनी 60 निरोगी स्वयंसेवकांना दोन आठवडे डायक्लोफिनॅक दिलं, अर्ध्यांना सोबत रिफॅक्सिमिन हे आतड्यातच राहणारं अँटिबायोटिक, बाकीच्यांना प्लासिबो. कॅप्सूल कॅमेऱ्याने पाहिलं. प्लासिबो गटात 43 टक्के लोकांच्या लहान आतड्यात अस्तर फाटलेलं दिसलं, रिफॅक्सिमिन गटात 20 टक्के. मोठ्या जखमा प्लासिबोमध्ये 9 जणांना, रिफॅक्सिमिनमध्ये एकालाही नाही. यादृच्छिक विभागणी, माणसं, आणि नजर बरोबर जागी, लहान आतड्यात. मस्त.

वहीच्या मागच्या पानावर मी हिशोब केला. दोन्ही गट निम्मे-निम्मे धरले तर 43 आणि 20 मधला 23 टक्क्यांचा फरक, 95 टक्के विश्वास-मर्यादा जवळजवळ शून्यापासून 46 पर्यंत. पट्टा लांबलचक आहे. पण त्यापेक्षा मोठी गोष्ट प्रयोगाच्या पद्धतीत दडलीय. दोन्ही गटांतल्या सगळ्यांना जठराच्या रक्षणासाठी ओमेप्राझोल दिलेलं होतं. नैतिकदृष्ट्या ते बरोबरच. पण मग प्लासिबो गट 'फक्त डायक्लोफिनॅक' असा राहिला नाही, 'डायक्लोफिनॅक अधिक ओमेप्राझोल' असा झाला.

याने काय बिघडतं? यासाठी 2011 चा जॉन वॉलेस यांच्या गटाचा पेपर वाचायलाच हवा. (रेडिन्बो यांच्या सायन्समधल्या पेपरचे पहिले लेखकही वॉलेसच, पण ते वेगळे. मी एकदा संदर्भसूचीत दोघांची अदलाबदल केलीय.) उंदरांना नऊ दिवस ओमेप्राझोल किंवा लॅन्सोप्राझोल, शेवटचे चार दिवस सोबत नॅप्रोक्सेन किंवा सेलेकॉक्सिब. गॅसच्या गोळीने लहान आतड्यातली इजा कमी झाली नाही, वाढली. नुसत्या ओमेप्राझोलने इजा होत नव्हती, पण मध्यांत्रातले ॲक्टिनोबॅक्टेरिया आणि बायफिडोबॅक्टेरिया सुमारे 80 टक्क्यांनी घटले. बायफिडोबॅक्टेरिया भरपूर असलेले जीवाणू परत दिले, तर व्रण टळले. आणि मग त्यांनी ती पायरी केली जी मला लियांग यांच्या पेपरमध्ये हवी होती: औषध घेतलेल्या उंदरांच्या मध्यांत्रातले जीवाणू जंतुविरहित उंदरांमध्ये सोडले, आणि त्यांना दाहशामकाने जास्त इजा झाली. इथे बाण खरोखर जोडला गेलाय. रॅटचे जीवाणू माउसमध्ये सोडले, ही उणीव आहेच; परक्या यजमानात सगळेच पाहुणे टिकत नाहीत. तरीही पायरी केली.

आता 2017 कडे परत या. आम्ल कमी झालं की लहान आतड्यातले जीवाणू बदलतात. मग रिफॅक्सिमिनने कशाला आवर घातला? डायक्लोफिनॅकच्या इजेत नेहमी सामील असलेल्या जीवाणूंना, की ओमेप्राझोलने तिथे नव्याने वस्तीला आणलेल्यांना? त्या प्रयोगातून हे सांगता येत नाही. शिवाय रिफॅक्सिमिन हे फक्त अँटिबायोटिक नाही. ते आतड्याच्या पेशींमधला पीएक्सआर हा रिसेप्टर चालू करतं, आणि त्यातून जीवाणूंचा संबंध नसतानाही दाह उतरू शकतो. म्हणजे पुन्हा तीच नाकाबंदी.

हे सगळं मी का उगाळत बसलेय, त्याचं एक घरगुती कारणही आहे. आईचे गुडघे दुखतात. डॉक्टरांनी डायक्लोफिनॅक दिलंय आणि सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल. जर्नल क्लबच्या तयारीत असताना मी फोनवर मोठ्या उत्साहाने वॉलेसचा पेपर तिला सांगितला. पुढच्या आठवड्यात बोलता बोलता कळलं की तिने गॅसची गोळी आपणहून बंद केली होती. "तूच म्हणालीस ना, त्याने आतडं खराब होतं?" डायक्लोफिनॅक मात्र चालू. म्हणजे जठराचं संरक्षण गेलं आणि धोका राहिला. तिचं वय साठीच्या पुढे, आणि या वयात जठरातल्या रक्तस्रावाचा धोका हा उंदरांवरून काढलेला अंदाज नाही. तो माणसांमध्ये नीट मोजलेला आहे, आणि ती गोळी त्यापासून वाचवते हेही मोजलेलं आहे. मी तिला लगेच डॉक्टरांकडे जायला सांगितलं. त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली, आणि डायक्लोफिनॅकचे दिवस कमी करून लावायचं जेल दिलं. या पोस्टमधलं काहीही वाचून कुणीही स्वतःची किंवा घरच्यांची गोळी बदलू नये. हे मी सावधगिरीचं वाक्य म्हणून लिहीत नाहीये, माझ्याकडून घडलंय म्हणून लिहितेय.

जर्नल क्लबनंतर मी ताईकडे जाऊन म्हटलं, वर्तुळ माझ्या फळ्यावरच होतं. ती म्हणाली, ईलाइफवर पेपरच्या खाली परीक्षकांची पत्रं आणि लेखकांची उत्तरं छापलेली असतात, ती वाचलीस का? वाचली नव्हती. पीडीएफ डाउनलोड केली की ती नजरेआडच राहतात, वेबसाइटवर पानाच्या तळाशी जावं लागतं. तुम्ही पेपर वाचायला घ्याल तेव्हा उलट क्रमाने करून बघा: आधी आकृत्या, त्यावर स्वतःचे प्रश्न कागदावर, मग परीक्षकांचे प्रश्न, आणि सगळ्यात शेवटी ॲबस्ट्रॅक्ट. माझ्या कागदावर सात प्रश्न होते. परीक्षकांच्या पत्राशी ताडून पाहायला बसले तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मेस कधीच बंद झाली होती.

पुढच्या वेळी सल्फासॅलाझिन घेईन. तेही दाहशामक, पण त्याची गोष्ट नेमकी उलटी: तिथे जीवाणूंनी औषध फोडलं नाही तर औषध कामच करत नाही. पेपरकॉर्न आणि गोल्डमन यांचा 1972 चा पेपर आहे, जमलं तर आधी तो वाचून ठेवा.